तुम्ही विचारलेत म्हणून : दुखत नाही, मग खेळायला हरकत काय?

मी स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच आहे. खेळाडूची ताकद, वेग आणि दम वाढवणे हे माझे काम असले, तरी निम्म्याहून अधिक खेळाडू माझ्याकडे येतात ते दुखापतीनंतर, फिजिओचे सुरुवातीचे उपचार झाल्यावर. त्यांचा, आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या आईवडिलांचा, एक प्रश्न ठरलेला असतो : "आता दुखत नाही, सूज नाही, जिना सहज चढतो, मग मैदानावर का उतरू देत नाही?" बोलताना दरवेळी काहीतरी सांगायचे राहून जाते, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. उदाहरण गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटच्या (हाडाला हाड जोडणाऱ्या पट्ट्याच्या) शस्त्रक्रियेचे घेतो, कारण घाई सर्वांत महाग पडताना मी तिथेच पाहिली आहे.

या शस्त्रक्रियेत तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बहुधा खेळाडूच्याच शरीरातला, मांडीच्या मागचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा, टेंडनचा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्याचा, तुकडा बसवतात. तो बसवल्यापासून दिवसेंदिवस मजबूतच होत जातो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असल्यामुळे आधी त्यातल्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी आत शिरतात, आणि या उलथापालथीच्या पहिल्या काही महिन्यांत तो बसवला त्या दिवसापेक्षाही कमजोर असतो. दुखणे मात्र त्याआधीच थांबलेले असते.

दुसरी गोष्ट मांडीच्या पुढच्या स्नायूची. गुडघ्यात पाणी साचले, की दुखत नसले तरी मज्जासंस्था या स्नायूला पुरेसा आदेशच देत नाही आणि तो बघता बघता वाळतो. तो परत आणायला हलक्या वजनाचे शंभर झटके उपयोगी पडत नाहीत. अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी १९४५ साली जखमी सैनिकांवरच्या अनुभवातून हे मांडले : जेमतेम १० वेळा उचलता येईल एवढे वजन घ्यायचे आणि ताकद वाढेल तसे ते वाढवत जायचे. पुढे त्यांनी व्यायाम दहा-दहा वेळांच्या ३ फेऱ्यांवर, म्हणजे ३ सेटवर आणला, त्या वजनाच्या निम्म्याने पहिला, पाऊणपटीने दुसरा आणि पूर्ण वजनाने तिसरा. व्यायामशाळेत आज सर्रास म्हटले जाणारे 'तीन सेट, दहा रेप्स' ज्याला निव्वळ पैलवानकी वाटते, त्याने त्याचे हे रुग्णालयातले मूळ लक्षात घ्यावे.

ताकद आली तरी ती वेळेवर लागू पडावी लागते. वेगाने धावताना पाऊल जमिनीवर सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाइतकेच टिकते, आणि स्नायूला पूर्ण जोर लावायला त्याच्या तिप्पट किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. म्हणून जड स्क्वॉटनंतर, म्हणजे वजन घेऊन मारलेल्या बैठकांनंतर, उड्या येतात, उडीवरून एका पायावर उतरणे येते, भरधाव असताना थांबणे आणि वळणे येते. एसीएल बहुसंख्य वेळा कोणाचाही धक्का न लागता, अशाच थांबण्या-वळण्यात किंवा उडीवरून उतरताना तुटते. जिना चढण्यात यातले काहीच तपासले जात नाही.

मग तपासायचे कसे? दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के असावी, असा एक प्रचलित निकष आहे. त्यावर विसंबून मी एकदा चांगलाच फसलो. एका खेळाडूचे दोन्ही पाय बरोबरीला आले, मी समाधानाने होकार दिला, आणि दोन आठवड्यांत तो मांडीचा स्नायू ताणून परत आला. जुन्या नोंदी काढल्या तेव्हा कळले, की कित्येक महिन्यांच्या विश्रांतीत चांगला पायही ढिला पडला होता. दोन कमजोर पाय एकमेकांच्या बरोबरीचे होते, इतकेच. तेव्हापासून मी हंगामाआधीच प्रत्येकाची मोजमापे घेऊन ठेवतो.

उलट बाजूही सांगायला हवी. टाचेच्या टेंडनचे जुने दुखणे असेल, तर पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहणारा वाटच पाहत राहतो. पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली सोडण्याचा जो व्यायाम १९९८ साली स्वीडनमधले डॉक्टर आल्फ्रेडसन यांनी दिला, तो १५ वेळांचे ३ सेट, दिवसातून दोनदा, १२ आठवडे, आणि थोडे दुखत असतानाच करायचा असतो. दुखणे हा त्यामुळे दोन्हीकडून कच्चा साक्षीदार आहे.

'किती महिने?' याला मी तारीख देत नाही, पण एक आकडा जरूर सांगतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की एसीएल शस्त्रक्रियेनंतर नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवले, त्यातल्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याच्या पुन्हा दुखापतीचे प्रमाण ५१ टक्क्यांनी घटले. म्हणून नऊ महिन्यांच्या आत मी सामन्याचे नावच काढू देत नाही. आणि नऊ महिने झाले, पण मोजमापे जमली नाहीत, तर दहावा महिनाही माझ्याकडेच जातो. ती जमली, की आधी एकट्याने सराव, मग संघासोबत पण टक्कर टाळून, मग पूर्ण सराव, आणि त्यानंतर सामन्यातली पहिली काही मिनिटे.