हृदयाचा एमआरआय आणि आमचं कातडं

कोल्हापुरात चप्पल लाईनला आमचं पायताणाचं दुकान. जानेवारीत अटॅक आला, त्याच रात्री स्टेंट पडला, म्हणजे बंद झालेल्या रक्तवाहिनीत धातूची बारीक जाळी. दोन महिन्यांनी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ४० टक्के. ५५ च्या वर हवं म्हणे. अटॅकचा हृदयावरचा व्रण किती खोल गेलाय बघू, म्हणून डॉक्टरांनी हृदयाचा एमआरआय लिहून दिला.

पहिल्या दिवशी सेंटरवरनं परत पाठवलं. फोटोत व्रण उठून दिसावा म्हणून गॅडोलिनियम नावाचं औषध शिरेतनं देतात, त्यासाठी आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी लागते. नंबर देताना फोनवर एवढं सांगायला काय झालं होतं? स्टेंटची मात्र अडचण नव्हती. बायको उगीच धास्तावली होती.

मशीनमध्ये तासभर. खटखटाटातच हेडफोनमधनं सारखं, "श्वास सोडा... थांबा." श्वास भरून थांबणं सोपं, सोडून थांबताना जीव कासावीस होतो.

फोटोत चांगला स्नायू काळा, व्रण पांढरा. माझा व्रण हृदयाच्या भिंतीच्या निम्म्या जाडीच्या आतच. मेलेला स्नायू परत भरून येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या जागी फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजेनचे धागे घालतात.

"तुमच्या दुकानातलं कातडं म्हणजे तरी काय? कोलॅजेनच. जनावराच्या अंगात तेही असल्याच पेशींनी घातलेलं."

तीस वर्षं कातडं हाताळतोय, हे कुणी सांगितलं नव्हतं!

मग मला ते पटत गेलं. अटॅकनंतर पहिले काही दिवस ती भिंत कच्ची असते, फुटूही शकते. या पेशींनी घाईनं ठिगळ लावलं म्हणून मी बसलोय. पण ठिगळ आकुंचन पावत नाही. शिवाय अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन ही हार्मोन्स पेशींना डिवचत राहिली तर त्या चांगल्या भागातही धागे घालत सुटतात आणि हृदय ताठर होतं, चपलेच्या न भिजवलेल्या तळासारखं. रामिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन त्यासाठी. मी इतके दिवस त्यांना नुसत्या बीपीच्या गोळ्या समजून अधनंमधनं चुकवत होतो.

रामिप्रिलनं कोरडा खोकला लागला, ते बदलून टेल्मिसार्टन दिलं. पुढच्या तपासणीत पोटॅशियम वाढलेलं. डॉक्टरांनी खाणंपिणं खोदून विचारलं तेव्हा सापडलं: रोज रंकाळ्यावर चालून झालं की एक शहाळं, तब्येतीला बरं म्हणून. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, आणि या गोळ्यांवर नेमकं तेच नको.

शहाळेवाला अजून मला बघितलं की कोयता उचलतो. मी हात हलवून पुढं जातो.