सुगार्रामुर्दीचा ओढा आणि बदकाच्या पायांची लामिया

स्पेनमधल्या सान सेबास्तियान शहरातून गाडी भाड्यानं घेतली आणि सुगार्रामुर्दी गाठलं. स्पेनच्या नावार्रा प्रांतातलं, फ्रान्सच्या सीमेला खेटलेलं हे बास्क लोकांचं गाव. बसच्या भरवशावर राहू नका. गाडी असली की सीमेपलीकडचं फ्रान्समधलं 'सार' हे गावही त्याच दिवशी बघून होतं. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, तरी पासपोर्ट जवळ ठेवा.

आधी गावातलं चेटकिणींचं संग्रहालय बघा, गावाजवळची चेटकिणींची गुहा नंतर. आम्ही तसंच केलं आणि बरं झालं. या गुहेत सैतानाची सभा भरते असा आरोप करून स्पेनच्या धर्मन्यायालयानं (इन्क्विझिशननं) नोव्हेंबर १६१० मध्ये लोग्रोन्यो शहरात सहा जणांना जाळलं, आणि आधीच मेलेल्या पाच जणांचे पुतळे जाळले. हे वाचून गुहेत शिरलं की पाय जड होतात. ओढ्यानं डोंगर आरपार पोखरून केलेला तो उंच बोगदा आहे. ओढ्याचं नाव इन्फेर्नुको एर्रेका, म्हणजे नरकाचा ओढा. वाट ओली आणि निसरडी असते, पकड असलेले बूट हवेतच.

मी तिथे बसून 'बागा, बिगा, हिगा' हळूच म्हणून पाहिलं. चेटकिणींचा मंत्र म्हणून ओळखली जाणारी ही जुनी लोकरचना बास्क गायक मिकेल लाबोआ यांनी गायली आणि ती घरोघरी पोचली. बास्क भाषेत एक-दोन-तीन म्हणजे बात, बी, हिरू. मंत्राच्या सुरुवातीला त्याच आकड्यांचा भास होतो. अर्थ लागत नाही, पण ठेका अंगात भिनतो.

याच बास्क मुलखात लामियाही आहे. ओढ्याकाठी सोन्याच्या कंगव्यानं केस विंचरणारी, आपल्याकडच्या आसरांसारखी पाण्यातली. अर्रासाते या बास्क गावाकडची गोष्ट मला फार लागली. कोर्रिओने घरातला तरुण तिच्यावर भाळला. आई म्हणाली, लग्नाआधी तिचे पाय बघ. पाय बदकाचे निघाले. पोरगा अंथरुणाला खिळला आणि गेला. लामिया त्याच्या प्रेतावर घालायला चादर घेऊन आली, प्रेतयात्रेबरोबर चालली, पण चर्चच्या दारातच थांबली. तिच्या प्रेमाला कुणी जादूटोणा म्हणत नाही, आणि इथल्या हाडामांसाच्या बायका मात्र जाळल्या.

ऑगस्टच्या मध्यात गावची जत्रा असते. तेव्हा गुहेतच भाजलेल्या मेंढीच्या मटणाची पंगत बसते. जायचं असेल तर जागा आधी राखून ठेवा. शांतपणे ओढा ऐकायचा असेल तर आमच्यासारखे ऑक्टोबरात, सकाळी दार उघडताच जा.