आखाजीच्या दिवशी तापीच्या वाळूत

उन्हाळ्यात तापी आटली की आमच्या अमळनेर-चोपड्याच्या पट्ट्यात मध्येमध्ये वाळूची बेटं उघडी पडतात, आणि मार्च ते मे तिथं नदी सुरय हे पक्षी अंडी घालतात. घरटं म्हणजे काय तर वाळूतला उथळ खळगा, त्यात दोन-तीन मातकट ठिपक्यांची अंडी, बस्स. शेजारीच छोटी आर्ली या पक्ष्याची पण वसाहत असते. दिसत नाहीत म्हणूनच वाचतात आणि दिसत नाहीत म्हणूनच पायाखाली जातात.

आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी तिथं राखण करतो. कोकणात वेळासला समुद्री कासवांची अंडी काढून हॅचरीत नेऊन पुरतात, पिल्लं निघाली की समुद्राकडे सोडतात, ते बघायला लोक लांबून जातात. चांगलंच काम आहे ते. पण कासवीण अंडी पुरून निघून जाते, सुरयचं तसं नाही, तिला साधारण तीन आठवडे अंड्यांवर बसावं लागतं, आणि अंडी हलवली तर ती परत येणारच नाही. त्यामुळे आमच्या हातात एकच गोष्ट, माणसं आणि गुरं लांब ठेवणं.

त्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. ऊन म्हणजे काय सांगू, दहा वाजताच वाळूवर अनवाणी पाय टेकत नव्हता. गावातल्या बायका-पोरी गौराई बोळवायला गाणी म्हणत नदीत उतरल्या आणि सरळ बेटाकडेच निघाल्या, कारण पलीकडे पाण्याचा चांगला डोह होता. सगळे सुरय एकदम उठले, डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागले. लोकांना वाटतं पक्षी उडाला तर काय बिघडलं, येईल परत. पण अशा उन्हात पक्षी अंड्यावर बसतो तो ऊब द्यायला नाही, सावली द्यायला बसतो, मध्येच जाऊन पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतो आणि त्या ओलाव्यानं अंडी गार ठेवतो. थोडा वेळ जरी उघडी राहिली तरी आतला जीव भाजून मरतो.

मी पळत गेलो आणि पुढे चालणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना हात जोडले, माय, जरा थांबा म्हटलं. त्या म्हणाल्या, "काय शे रे भाऊ तठे?" मी काठीनं लांबूनच दाखवलं, बराच वेळ त्यांना काहीच दिसेना, मग एकदम दिसलं आणि त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. अंडी फोडणं, उचलणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे हे मला माहीत आहे, पण सणाच्या दिवशी गौराई डोक्यावर घेतलेल्या बाईला कायदा सांगायचा नसतो असं माझं ठाम मत आहे. त्यांनीच मागे वळून हाक दिली, "चला वं पोरीस्वन, खालला डोहवर जाऊत, ती बी मायच शे ना!" आणि सगळा घोळका काठाकाठानं खाली वळला. सुरय हळूहळू उतरून बसले तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

खरा त्रास दुपारी झाला. दोन पोरं मोबाईल घेऊन आली, त्यांना जवळून व्हिडिओ पाहिजे होता. गौराईवाल्या बायका पाच मिनिटांत निघून गेल्या असत्या, फोटोवाले मात्र पक्षी बसेपर्यंत हटत नाहीत, आणि ते हटत नाहीत म्हणून पक्षी बसत नाही! मी माझी दुर्बीण त्यांच्या हातात दिली, झाडाखाली बसवलं आणि म्हटलं इथून बघा. एकाला चोचीत मासा घेऊन आलेला नर दिसला, मग दोघं संध्याकाळपर्यंत तिथंच बसले आणि येणाऱ्या बकऱ्या पण त्यांनीच वळवल्या.

कुत्री, कावळे, वाळूची ट्रॅक्टरं, हे सगळं चालूच असतं. सगळ्यात मोठी धास्ती मात्र वरच्या हतनूर धरणाच्या पाण्याची. पिण्यासाठी आवर्तन, म्हणजे ठरलेल्या वेळी धरणाचं पाणी सोडतात, ते सोडायलाच पाहिजे, उन्हाळ्यात गावांचे घसे कोरडे असतात, पण पाणी वाढलं की खालच्या कडेची घरटी बुडतात. म्हणून आता आम्ही आवर्तनाची तारीख आधी विचारून घेतो आणि ग्रामपंचायतीला सांगून ठेवलंय की पुढच्या आखाजीच्या आधी खालच्या डोहाकडे जायची पायवाट साफ करून द्या, बायकांना बेटावरून जायची गरजच पडायला नको.