पुण्ण सर आणि विटेचा तुकडा

महोत्सव समितीचं पत्र आलं तेव्हा मी घोडबंदर रोडच्या साइटवर स्लॅबच्या गडबडीत होतो. 'शाळेविषयी काहीही लिहा' असं पत्रात होतं. काहीही कसलं, मला पुण्ण सरांवरच लिहायचंय. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

सरांचं खरं नाव फक्त वेळापत्रकात होतं. धडा पहिल्या महायुद्धाचा असो की अफझलखानाचा, सरांची गाडी घंटा व्हायच्या आत पुण्णावर यायची. सोपाऱ्याचा हा व्यापारी माल घेऊन श्रावस्तीला गेला, तिथे बुद्धांचं प्रवचन ऐकलं आणि धंदा सोडून भिक्खू झाला. पुढे त्याने आपल्याच मुलखात, सुनापरांतात, जाऊन राहायचं ठरवलं. इथून सर दोन्ही भूमिका करायचे. टेबलाच्या डावीकडे बुद्ध, उजवीकडे पुण्ण.

"तिथली माणसं तापट, तोंडाची फटकळ. शिव्या दिल्या तर?"

"म्हणेन, भली माणसं. हात तर नाही उगारला."

"हात उगारला तर?"

"ढेकळं तर नाही मारली."

मग ढेकळं, काठी, शस्त्र. शेवटी, "आणि जीवच घेतला तर?" यावर सर डस्टर खाली ठेवून सावकाश सांगायचे, "देहाला विटून मारेकरी शोधणारेही असतात. मला तो न शोधता मिळाला, असं म्हणेन." बुद्धांनी जायला परवानगी दिली आणि पहिल्याच वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामात, पुण्णाने ५०० उपासक आणि ५०० उपासिका धम्माला जोडल्या. मज्झिम निकाय या पाली ग्रंथात आहे हे सगळं. "अडीच हजार वर्षांपूर्वीच आपल्या जिल्ह्याच्या प्रगतिपुस्तकावर शेरा पडलाय," असं म्हणून सर हसायचे. सोपारा तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. २०१४ साली पालघर वेगळा झाला, ते बघायला सर नव्हते. बरंच झालं, त्यांचा पुण्णच जिल्ह्याबाहेर गेला असता!

अशोकाच्या काळात अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, धम्मरक्खित या भिक्खूला धम्मप्रसारासाठी पाठवल्याचं महावंस या श्रीलंकेच्या पाली ग्रंथात आहे. कुणी तसं म्हटलंच तर सरांचं ठरलेलं उत्तर असायचं, "ते सरकारी दौऱ्यावर आले. माझा पुण्ण पदरमोड करून आला."

नववीत सरांनी आम्हाला सोपाऱ्याला नेलं. दादरला गाडी बदलून नालासोपारा, पुढे पायपीट. गावात ज्याला बुरुड राजाचा कोट म्हणत, तोच स्तूप. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला तेव्हा आत दगडी पेटी निघाली, तिच्यात तांब्याचा करंडक आणि भोवती ब्राँझच्या आठ मूर्ती. करंडकात एकात एक डब्या, चांदीची, दगडाची, स्फटिकाची आणि सगळ्यात आत सोन्याची. सोन्याच्या डबीत काय, तर मातीच्या भांड्याचे इवले तुकडे. बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून कुणीतरी जपलेले. सर हे सांगत असताना मी विटेचा एक तुकडा उचलला, रुमालात गुंडाळला, रुमाल कंपासपेटीत, कंपासपेटी दप्तरात.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी तो तुकडा मिरवत होतो आणि सर मागे येऊन उभे राहिले. "रविवारी सातला स्टेशनवर ये," एवढंच म्हणाले.

त्या रविवारी गाडीत माझं मनातल्या मनात पुण्णासारखं चाललं होतं. सर ओरडले तर म्हणायचं, कान तर नाही पिरगाळला. कान पिरगाळला तर म्हणायचं, घरी तर नाही कळवलं. सरांनी यातलं काहीच केलं नाही. खिडकीची जागा मला दिली, दादरला वडापाव घेऊन दिला आणि विरार गाडीत चक्क डुलकी काढली. तिकीटही त्यांनीच काढलेलं.

स्तुपापाशी पोचल्यावर म्हणाले, "कुठून उचललास?"

मला आठवेना. आम्ही त्या उन्हात दोन फेऱ्या मारल्या. सरांचा शर्ट पाठीला चिकटला होता. शेवटी मी एका खाचेकडे बोट दाखवलं. सर गुडघ्यांवर बसले, तुकडा त्या जागी ठेवला आणि अंगठ्याने भोवतीची माती दाबली.

"इथलाच ना?"

"इथलाच."

खिशातून डायरी काढून त्यांनी लिहिलं, 'तुकडा परत ठेवला, ईशान्य बाजू.' खाली तारीख घातली.

आज माझ्या नावावर चौदा इमारती आहेत, मुलगाही याच धंद्यात आहे. विटा गेल्या, ब्लॉक आले. आपल्या शाळेचंही मैदान आता पेव्हर ब्लॉकखाली गेलंय, त्यावर गाड्या उभ्या असतात. पिंपळ तोडायचं कुणाच्या डोक्यातून निघालं, समितीने एकदा सांगावं. पण इमारतीसाठी लागेल ते काम मी करून देईन, हे इथे लिहूनच टाकतो.

मध्यंतरी बुद्धपौर्णिमेला मुद्दाम सोपाऱ्याला गेलो. आमच्या वेळी तिथे चिटपाखरू नसायचं. आता पांढऱ्या साड्यांतल्या बायकांची रांग होती, मेणबत्त्या होत्या, वंदना चालली होती. मी ईशान्येला जाऊन बराच वेळ उभा राहिलो.

सरांच्या त्या डायरीचं पुढे काय झालं, माहीत नाही. कुणाकडे असेल तर त्या तारखेखाली एवढी दुरुस्ती करावी, की जागा विद्यार्थ्याने अंदाजे दाखवली होती.