अकरा मैल उरले असताना

संध्याकाळी ७:४० ला आमची गाडी साइडिंगवर, म्हणजे मुख्य मार्गालगतच्या बाजूच्या रुळावर, उभी होती. शेवटचं स्टेशन अकरा मैलांवर होतं, आणि ही गाडी आता आम्हाला पुढे नेता येणार नाही, हे मला डब्याडब्यांत जाऊन सांगावं लागलं.

मी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात एका पॅसेंजर गाडीवर कंडक्टर आहे. त्या दिवशी सकाळी ७:४० ला हजेरी लावली होती. गाडीवरच्या माणसाचे बारा तास भरले की त्याने काम थांबवायचं, असा इथला कायदा आहे. १९०७ मध्ये तो पहिल्यांदा झाला तेव्हा मर्यादा सोळा तासांची होती. बारा तास उलटले की आमच्यात म्हणतात, 'क्रू मेला'. हा शब्द मला अजूनही जिभेवर घ्यावासा वाटत नाही.

जाताना थंडीने रूळ बदलणारा एक सांधा गोठला, त्यात तास गेला. येताना दोन मालगाड्या आडव्या आल्या. रूळ मालवाहतूक कंपनीचे आहेत. कायद्याने प्राधान्य आम्हाला आहे, पण मालगाडी साइडिंगपेक्षा लांब असेल तर ती बाजूला उभी कुठे राहणार? मग आमचीच छोटी गाडी आत घेतात.

सव्वासहाला जे घडलं ते मला अजून विसरता येत नाही. चालक प्रत्येक सिग्नल रेडिओवर बोलून दाखवतो आणि मी तो परत उच्चारते. एक वळण आलं. डबा कलला की मला कळतं, आता अमुक सिग्नल. रेडिओ गप्प. मी हाक मारली. उत्तर नाही. दुसऱ्यांदा हाक मारल्यावर त्याने बटण दाबलं, आणि त्याच्या आवाजाआधी मागची अलर्टरची पिपाणी ऐकू आली. चालकाने काही क्षण कशालाच हात लावला नाही की ती वाजते. तरीही तो हलला नाही तर ब्रेक आपोआप लागतात. मग तो म्हणाला, "अप्रोच." म्हणजे वेग कमी कर, पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी ठेव. सिग्नल त्याने बरोबर वाचला होता, वेगही उतरवला होता. फक्त शब्द उशिरा आला. सहा वर्षं आम्ही एकत्र काम करतोय, त्याचा शब्द कधी उशिरा आलेला मला आठवत नाही. त्यानंतर काही ना काही निमित्त काढून मी दर पाच मिनिटांनी त्याच्याशी बोलत राहिले.

म्हणून, "अहो, गावाचे दिवे दिसताहेत, एवढ्यासाठी अडून बसलात?" असं एका मुलाने चिडून विचारलं तेव्हा मला त्याचा राग आला नाही. पिपाणीची गोष्ट त्याला सांगून घाबरवायचंही नव्हतं. "नियम आहे," एवढंच म्हटलं. तो नियम योग्यच आहे असं मला मनापासून वाटतं.

चुकतंय ते दुसरीकडे. बदली क्रू जवळपास का नव्हता? साडेसातशे मैलांहून कमी अंतराच्या गाड्यांचा खर्च २००८ च्या कायद्याने राज्यांवर आला. आमच्या राज्याचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, आणि पुढच्या वर्षाचे पैसे मंजूर होतील की नाही हे वसंत सरेपर्यंत कुणी छातीठोकपणे सांगत नाही. चालक तयार व्हायला वर्षाहून जास्त लागतं. वर्षभराने असेल की नाही याची खात्री नसलेल्या गाडीसाठी कोण माणसं भरणार? मग जागा रिकाम्या राहतात आणि सुटीच्या दिवशी त्याच त्या माणसांचे फोन वाजतात. भीती उगाच नाही. इंडियानापोलिस ते शिकागो धावणारी 'हूझियर स्टेट' नावाची गाडी ३० जून २०१९ ला शेवटची धावली, कारण इंडियाना राज्याने पैसे थांबवले. आता त्या दोन शहरांत आठवड्यातून तीनच दिवस गाडी आहे. गाडी उशिरा आली की प्रवासी तुटतात, आणि प्रवासी तुटले की सभागृहात कुणीतरी उठून विचारतो, या गाडीत बसतं कोण?

त्या रात्री त्रेसष्ट जण बसले होते. मी दोनदा मोजले.

बदली क्रू व्हॅनमधून ९:२५ ला आला. आम्ही आमच्याच गाडीत प्रवासी होऊन बसलो. बारा तासांनंतरचा हा वेळ कायद्याच्या लेखी कामही नाही आणि विश्रांतीही नाही. इथे त्याला 'लिंबो' म्हणतात. माझ्या मनात त्याचं नाव त्रिशंकू. घरी सोडेपर्यंत माणूस असाच अधांतरी. चालक समोरच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून क्षणात झोपला. एक हातमोजा घातलेला, दुसरा मुठीत.

पलीकडच्या सीटवरच्या आजींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हळू आवाजात मला विचारलं, "माझ्या नातीचं बाळंतपण जुलैत आहे. तेव्हा ही गाडी असेल ना?"

माझ्या खिशात वेळापत्रक होतं. ते ३० जूनपर्यंतचं होतं. मी तेच त्यांना दाखवलं.