आधी लघवी, मग बाकीचं

(माजी विद्यार्थिनी, दहावीची 1993 ची तुकडी, सध्या परिचारिका, ग्रामीण रुग्णालय)

आमच्या आधीच्या तुकड्यांना प्रजननाचा धडा 'घरी वाचून या' या खात्यात मिळायचा. पुस्तकाची तेवढीच पानं सगळ्यांत मळकी असत, कारण पोरं ती चोरून बघत. फळ्यावर मात्र त्यातलं एक चित्र कधी उमटलं नाही. परीक्षेत त्यावरचा प्रश्न आला तर 'किंवा' बघा, असा सल्ला वरच्या वर्गातल्या ताया देत. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी स्नेहसंमेलन, खो-खोचा संघ, पावसात गळणारा तो चौथा वर्ग यांवर माझ्या मैत्रिणी लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा बऱ्या लिहितील. मी त्या धड्यावर लिहिते. पंचवीसेक वर्षं रुग्णालयात माझी भाकरी त्याच धड्यावर चालली आहे.

विज्ञानाचे सर त्या वर्षी नवीन आले होते. मुलं-मुली एकत्र बसवूनच हा धडा शिकवायचा, असं त्यांनी ठरवलं तेव्हा मुख्याध्यापकांच्या पोटात गोळा आला. गावातून कोणी तक्रार घेऊन आलं तर? सर म्हणाले, "पोरी वेगळ्या बसवल्या की दोन्हीकडच्यांना वाटतं काहीतरी चोरीचं चाललंय." मुख्याध्यापकांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. आमच्याकडे परवानगी बहुतेक अशीच मिळते.

सरांनी एक युक्ती मात्र केली. पहिल्या तासाला फळ्यावर मोठ्या अक्षरात 'उत्सर्जन' लिहिलं आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "आधी लघवी, मग बाकीचं." वर्ग हसून हसून लोळायचा बाकी राहिला. त्यांनी हसू दिलं. पोटभर हसून झाल्यावर पिशवीतून कागदात गुंडाळलेला बोकडाचा गुर्दा काढला. बाजारच्या दिवशी खाटकाकडून आणलेला. माळकरी घरातली पोरं उठून खिडकीशी गेली, ती मान मात्र इकडेच वळवून. सरांनी ब्लेडने गुर्दा उभा चिरला आणि बाहेरचा गडद थर, आतले त्रिकोणी पट्टे, मधली पांढुरकी पोकळी दाखवली. त्या पोकळीतून निघणारी बारीक नळी म्हणजे मूत्रवाहिनी. माणसाचं वृक्क, म्हणजे गुर्दाच, साधारण 10 ते 12 सेंटीमीटर लांब, बरगड्यांच्या खालच्या भागात, पाठीच्या बाजूला. उजवं जरा खाली असतं, कारण वर यकृताने जागा अडवलेली. प्रत्येकात सुमारे 10 लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या अतिसूक्ष्म गाळण्या.

मग त्यांनी पाण्याचा हिशोब मांडला. दोन्ही वृक्कं मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. 15 लिटरची घागर धरली तर बारा घागरी. ज्या पोरी पहाटे उठून विहिरीवरून दोन खेपा करून शाळेत येत, त्यांच्या मानेला ते बारा घागरींचं ओझं लगेच कळलं. "आणि लघवी होते किती? लिटर-दीड लिटर. बाकीचं पाणी गेलं कुठं?" ते परत रक्तात जातं. नेफ्रॉनच्या नळ्या जवळपास सगळं पाणी, साखर, लागतील तेवढे क्षार शोषून घेतात आणि युरियासारखा कचरा तेवढा पुढे ढकलतात. पाणी कमी प्यायलं की तेच काम थोडक्या पाण्यात उरकावं लागतं, लघवी गडद होते, क्षार साचून मुतखडा होण्याची भीती वाढते. दुष्काळी भागातल्या पोरांना हे पाठ करावं लागलं नाही.

त्यानंतर त्यांनी मुलींकडे बघून, आवाज न बदलता, विचारलं, "शाळेत दिवसभर पाणी कोण पीत नाही?" कोणी हात वर केला नाही, आणि त्यावरून त्यांना काय समजायचं ते समजलं. मुलींची मुतारी म्हणजे तीन बाजूंनी कुडाची भिंत होती, चौथ्या बाजूला रस्ता. सकाळी घरून निघताना जे उरकायचं ते उरकायचं आणि संध्याकाळपर्यंत तोंडाला पाणी लावायचं नाही, हा आमचा नेम. सरांनी सांगितलं की मूत्राशयात 200 मिलिलिटरच्या आसपास लघवी जमली की भावना होऊ लागते, 400-500 पर्यंत तो ताणतो, आणि रोज कोंडून धरली की जंतूंना वाढायला निवांत वेळ मिळतो. त्यात मुलींचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटीमीटरचा, पुरुषांचा साधारण 20. जंतूंना बाईच्या मूत्राशयाशी पोचायला फार चालावं लागत नाही. पोरं त्या दिवशी हसली नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात मुतारीला भिंत, पत्रा आणि आतून कडी असलेलं दार आलं. संस्थेने किती दिले आणि सरांनी गावात फिरून किती गोळा केले, ते मला ठाऊक नाही. त्या दाराचा फायदा आमच्यापेक्षा मागच्या वर्गांना जास्त झाला.

इतकं झाल्यावर 'बाकीचं' आलं. आणि ते वेगळं चित्र म्हणून आलंच नाही, लघवीच्या त्याच चित्रात शेजारी काढलं गेलं. सरांचं म्हणणं असं होतं की या दोन संस्था पुस्तकात दोन धड्यांत असल्या तरी शरीरात एकाच वाड्यात राहतात. गर्भ काही आठवड्यांचा असतो तेव्हा वृक्कं आणि जननग्रंथी एकमेकींना खेटून, एकाच पट्ट्यातून घडू लागतात. सातव्या आठवड्याच्या सुमारापर्यंत मुलाच्या आणि मुलीच्या दोन्हीही नळ्या त्या गर्भात हजर असतात. वाय गुणसूत्राचा हुकूम आला तर एक जोडी वाढते, दुसरी विरते. न आला तर उलट. पुरुषात तर शेवटची वाट लघवीला आणि वीर्याला एकच. बाईत वाटा तीन, पुढे मूत्रमार्ग, मध्ये योनीमार्ग, मागे गुदद्वार. हे वाक्य सरांनी दोनदा सांगितलं. आज मी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालताना चार लेकरांच्या आईला ते सांगते तेव्हा ती डोळे मोठे करून विचारते, "लघवीची वाट येगळी असती व्हय?"

मुलांसाठी त्यांनी वृषणं शरीराबाहेर पिशवीत का टांगलेली असतात ते सांगितलं. शुक्रपेशी घडायला पोटापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं म्हणून. एक शुक्रपेशी घडायला दोन महिन्यांहून जास्त काळ लागतो. त्यांची वाट आधी जवळजवळ 6 मीटर लांबीच्या, वेटोळं करून बसलेल्या नळीतून आणि नंतर शुक्रवाहिनीतून. नवजात बाळ तपासताना आजही माझा हात आधी तिथे जातो. दोन्ही वृषणं पिशवीत उतरली आहेत ना? सहा महिन्यांपर्यंत उतरली नाहीत तर शस्त्रक्रियेसाठी पाठवायचं असतं. आजी मंडळी म्हणतात, "व्हईल की मोठेपणी." मी चिठ्ठी लिहून हातात देते.

मासिक पाळीच्या तासाला आमच्या माना खालीच होत्या. अंडाशयात मुलीच्या जन्मावेळीच 10 ते 20 लाख अपरिपक्व अंडपेशी असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडतात फक्त सुमारे 400. गर्भ राहील म्हणून गर्भाशय दर महिन्याला आतून अस्तर घालतं, नाही राहिला तर ते अस्तर रक्तासह गळून पडतं. एका पाळीतलं रक्त बहुधा 30-40 मिलिलिटर. "एवढ्याशा रक्ताला आपण विटाळ म्हणतो आणि आईला गोठ्यात बसवतो," असं सर म्हणाले. मागच्या बाकावरून कोणीतरी कुजबुजलं, "आमच्यात बसवतेत." सरांनी ऐकलं, पुढे गेले.

र. धों. कर्वेंचं नाव मी पहिल्यांदा याच वर्गात ऐकलं. गणिताचा प्राध्यापक, 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढतो, 1927 पासून 1953 मध्ये मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवतो, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतो आणि 1934 च्या खटल्यात त्याच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहतात. सरांचा शेरा होता, "गणितवाल्यानं हे केलं, आणि विज्ञानवाल्यांनी पान उलटायचं?"

नर्सिंगला गेले तेव्हा शरीररचनेच्या वर्गात मला नवीन फारसं काही नव्हतं, इंग्रजी नावं तेवढी घोकली. खरी परीक्षा नोकरीत सुरू झाली. आमचा बीड जिल्हा. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, नवरा-बायकोची जोडी मिळून कामाला एक कोयता धरायचा, फडाशेजारी कोपी म्हणजे पाचटाची झोपडी, न्हाणीघर नाही, संडास नाही. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा, त्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर असते. उसात दिवसभर पाणी न पिणं हा तिथल्या बायांचा नेम, आणि तो मला ओळखीचा वाटतो. परत आल्या की येतात, अंगावर पांढरं जातंय, लघवीला जळजळ होते, ओटीपोट दुखतं. आणि बरोबर तयार उत्तरही घेऊन येतात, "सिस्टर, पिशवीच काढून टाका, कटकट तरी मिटल."

कोणीतरी त्यांना तसं सांगितलेलं असतं. पांढरं जातंय म्हणजे पुढे कॅन्सर होणार, अशी भीती घातलेली असते. 2019 मध्ये हा विषय पेपरांत गाजला, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यातल्या 13 हजारांहून जास्त बायांची गर्भाशयं काढलेली निघाली. आम्हा वॉर्डातल्या लोकांना त्या आकड्याचा धक्का बसला नाही, तो मोजला गेला याचं नवल वाटलं.

अशी बाई समोर आली की मी कागद घेते आणि सरांचं ते चित्र काढते. पुढे मूत्राशय, मध्ये गर्भाशय, मागे मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक. जळजळ या पुढच्या पिशवीची असू शकते, तिच्यासाठी मधली कशाला काढायची? पांढरं जाणं कधी नुसतं नेहमीचं असतं, कधी जंतुसंसर्गाचं. त्याला औषध आहे, आणि गरज असेल तर नवऱ्यालाही ते घ्यावं लागतं. (हे ऐकताना नवरा बाहेर तंबाखू मळायला गेलेला असतो. मी त्याला आत बोलावते.) कॅन्सरची शंका असेल तर गर्भाशयाचं तोंड तपासता येतं, तपासल्याशिवाय काढायचं नाही. आणि गर्भाशयाबरोबर अंडाशयंही गेली तर तिशीतच रजोनिवृत्ती येते, अंगातून वाफा, हाडं ठिसूळ. एका बाईला दुसरीकडे झालेल्या शस्त्रक्रियेनंतर सतत लघवी गळायची. ती अंगाला वास येतो म्हणून घरातल्या लग्नालाही गेली नव्हती. मूत्रवाहिनी गर्भाशयाच्या रक्तवाहिनीच्या खालून, गर्भाशयाच्या तोंडापासून दोनेक सेंटीमीटरवरून जाते. घाईत हात चालला की ती सापडते. तिला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. दोन संस्था एकाच चित्रात काढायचा सरांचा हट्ट मला तिच्या खाटेशी उभी असताना पुरता कळला.

सगळ्याच बायांची शस्त्रक्रिया चुकीची नसते, हेही लिहायला हवं. मोठी गाठ, न थांबणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणं, कॅन्सर, अशा वेळी गर्भाशय काढावं लागतं आणि त्याने बाई वाचते. आम्ही फक्त आधी सोनोग्राफी, आधी तपासणी, आधी औषध एवढं म्हणतो.

बाकी रोजचं सांगायचं तर तांबी (कॉपर-टी) छातीत चढत नाही, गर्भाशयातून छातीत जायला वाट नाही. नसबंदीने पुरुषाची ताकद जात नाही. संप्रेरकं रक्तातून जातात, कापलेल्या शुक्रवाहिनीतून नव्हे, आणि वीर्यात शुक्रपेशींचा वाटा मुळातच थोडा असतो. पहिले तीन महिने मात्र जपावं लागतं. एवढं सांगूनही शेवटी टेबलावर बाईच येते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्री नसबंदी 37.9 टक्के आणि पुरुष नसबंदी 0.3 टक्के. आमच्या वर्गातला एक जण गावात पहिला नसबंदी करून आला. तो आता किराणा दुकान चालवतो आणि गिऱ्हाईकाला न विचारताही सांगतो.

मुलगा-मुलगी कशी ठरते तेही सरांनी गुणसूत्रांनी सांगितलं होतं. आईकडून नेहमी एक्सच, बापाकडून एक्स किंवा वाय. 2011 च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या. तिसऱ्या मुलीच्या बाळंतपणानंतर खाटेशी येऊन सुनेला बोल लावणाऱ्या सासूला मी सगळ्या वॉर्डासमोर हे सांगते. काहींना राग येतो. एक सासू मात्र मुलाकडे वळून म्हणाली, "मंग तुझंच की रे मेल्या."

सुवर्णमहोत्सवासाठी माजी विद्यार्थ्यांकडून प्रवेशद्वाराची कमान बांधायचं ठरलं आहे आणि माझंही नाव वर्गणीच्या यादीत आहे. गेल्या महिन्यात आरोग्य तपासणीसाठी शाळेत आले होते. मुलींच्या स्वच्छतागृहाला फरशी आहे, दारं आहेत, पण टाकीत पाणी नाही आणि वापरलेले पॅड टाकायला झाकणाचा डबा नाही. मुली पुन्हा दिवसभर पाणी पीत नाहीत. समितीला माझी विनंती आहे की माझी वर्गणी टाकी, मोटर आणि डब्यांकडे वळवावी. कमानीवर नाव नसलं तरी चालेल. मोटर कुठली बसवायची ते किराणावाल्या वर्गमित्राने विचारून ठेवलं आहे.