आमची वाटचाल : कान कुठे गेले?

आयर्लंडच्या वायव्येला स्लायगो नावाच्या गावात, गॅरव्होग नदीच्या पुलापासून चालत पाच मिनिटांवर, आमचे प्रकाशन दोन खोल्यांत चालते. पुढच्या खोलीत टेबल, संगणक आणि नमुना प्रतींचे कपाट आहे, मागच्या खोलीत गठ्ठे आहेत. मध्ययुगीन आयरिश प्रेमकथांवर बेतलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्या इंग्रजीत प्रसिद्ध करणे एवढाच आमचा व्यवसाय आहे. पुण्यात मुद्रितशोधन करणारी बाई या उद्योगात कशी पडली, असे माहेरचे आणि इथले, दोन्हीकडचे लोक विचारतात, म्हणून हे लिहीत आहे.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो आणि पहिल्या हिवाळ्यात, दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात त्या दिवसांत, मी गावच्या वाचनालयातली जुन्या कथांची भाषांतरे वाचून काढली. त्याच वाचनालयात एका निवृत्त शिक्षिकेची ओळख झाली. त्यांनी डेअर्ड्राच्या कथेवर कादंबरी लिहून ठेवली होती आणि ती तीन प्रकाशकांकडून परत आली होती. मी ती वाचली, तिच्यातल्या चुका काढल्या, आणि चुका काढता काढता प्रकाशक झाले.

डेअर्ड्राची कथा इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ही मुलगी उत्तरेकडच्या अल्स्टर राज्यावर अनर्थ ओढवील, असे भविष्य तिच्या जन्माआधीच सांगितले जाते. राजा कोनहोवर तिला मारू देत नाही, तर स्वतःसाठी एकांतात वाढवतो. एका हिवाळ्यात बर्फावर सोललेल्या वासराचे रक्त पिणारा डोमकावळा ती पाहते आणि म्हणते, मला या तीन रंगांचा पुरुष हवा, कावळ्यासारखे केस, रक्तासारखे गाल, बर्फासारखे अंग. तसा पुरुष म्हणजे नीशे. तो राजाच्या धाकाने तिला नकार देतो, तेव्हा ती त्याचे दोन्ही कान धरते आणि सांगते की, मला घेऊन गेला नाहीस तर हे कान लाजेचे आणि हसे होण्याचे ठरतील. बाराव्या शतकातल्या ‘बुक ऑफ लेन्स्टर’ या हस्तलिखितात हा प्रसंग आहे.

आमच्या कादंबरीत मात्र नीशे गुडघे टेकून तिला मागणी घालत होता आणि ती लाजत होती. शिवाय प्रेमकथेच्या वाचकाला सुखान्त लागतो म्हणून आम्ही शेवटी दोघांना स्कॉटलंडमधल्या एका बेटावर सुखात ठेवले होते. मूळ कथेत नीशे दगाफटक्याने मारला जातो, डेअर्ड्रा वर्षभर राजाकडे राहते पण एकदाही हसत नाही, आणि राजा तिला नीशेच्या मारेकऱ्याकडे पाठवू लागतो तेव्हा धावत्या रथातून खडकावर डोके आपटून जीव देते. मुखपृष्ठावर आम्ही कमरेच्या वर काहीही न घातलेला तरुण काढून घेतला होता, तोही आयर्लंडच्या पावसात. हजार प्रती छापल्या. इथे दुकानदार न खपलेल्या प्रती प्रकाशकाला परत करू शकतो, हे मला कागदावर माहीत होते. सहा महिन्यांनी साडेसहाशे प्रती मागच्या खोलीत येऊन पडल्या, तेव्हा ते खरे कळले.

त्याच सुमारास एक वयस्क शेतकरीण पुस्तक हातात घेऊन आमच्याकडे आली. त्यांनी रागावून काही म्हटले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “तिला जिवंत ठेवलंत, ते एक वेळ चालेल. पण कान कुठे गेले?”

हा प्रश्न आमच्या कचेरीत कायमचा राहिला. जुन्या कथेतले जे काढले की कथाच हातातून जाते, त्याला आम्ही ‘कान’ म्हणतो. अशी स्थळे बहुतेक वेळा बाईच्या धिटाईची असतात आणि तीच आजच्या लेखकाला प्रथम गाळावीशी वाटतात, याचे मला अजून आश्चर्य वाटते. मध्ययुगात लिहिलेल्या नायिकेला आपण एकविसाव्या शतकात सोज्ज्वळ करतो, असा हा उलटा कारभार आहे.

दुसरा धडा कायद्याचा होता. कथा कोणाच्या मालकीची नसली तरी भाषांतर असते. आमच्या दुसऱ्या पुस्तकात लेखकाने जी वाक्ये हस्तलिखितातली म्हणून घेतली होती, ती एका हयात भाषांतरकाराची निघाली. माफी मागितली, त्या पानांचा फर्मा पुन्हा छापला, भुर्दंड आम्हीच सोसला. तेव्हापासून लेखकाने मृत्यूला सत्तर वर्षे उलटलेल्या भाषांतरकारांवरच विसंबावे, किंवा जुन्या आयरिश संहितेवरून स्वतः अर्थ लावून घ्यावा, असा नियम केला. कॉर्कच्या विद्यापीठाने कितीतरी संहिता महाजालावर विनामूल्य ठेवल्या आहेत, आणि हस्तलिखितांची छायाचित्रेही घरबसल्या पाहता येतात.

आम्हाला सावरले ते एटीनच्या कथेने. शी लोकांचा, म्हणजे टेकड्यांच्या पोटात राहणाऱ्या अमानवी कुळाचा मिजिर तिला लग्न करून घरी आणतो. त्याची पहिली बायको मत्सराने रोवन झाडाच्या काठीचा फटका मारून तिचे पाण्याचे थारोळे करते. थारोळ्याची अळी होते, अळीची जांभळी माशी होते. तिचा गुंजारव इतका गोड की मिजिर तो ऐकत झोपी जातो. मग सवत वारा सोडून तिला वर्षानुवर्षे भिरकावत ठेवते, शेवटी ती एका बाईच्या पेल्यात पडते, गिळली जाते आणि पहिल्या जन्मानंतर 1012 वर्षांनी पुन्हा जन्मते. आता ती तारा या राजपीठाच्या राजाची राणी असते. मिजिर येऊन राजाशी फिहिल नावाचा पटावरचा खेळ खेळतो, मुद्दाम हरतो, मग जिंकतो आणि पैज म्हणून तिला कवेत घेण्याची परवानगी मागतो. राजा महालाभोवती सैन्य उभे करतो, पण मिजिर तिला उजव्या बगलेत धरून छताच्या झरोक्यातून वर जातो. बाहेर धावलेल्या लोकांना आकाशात दोन हंस दिसतात.

ही कथा पूर्ण मिळाली तीच मुळी उशिरा. सुमारे 1100 सालच्या ‘बुक ऑफ द डन काऊ’ या हस्तलिखितात तिची पाने तुटक आहेत, सलग पाठ असलेली सुटी पाने 1930 च्या दशकात अभ्यासकांच्या हाती आली. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या लेखकांना जे दुवे मिळाले नव्हते, ते आमच्या लेखिकेला मिळाले. इथे सुखान्त बाहेरून चिकटवावा लागला नाही, आणि राजाच्या बाजूने पाहणाऱ्याला तो सुखान्त वाटतही नाही. लेखिकेने माशीची वर्षे चाळीस पानांत लिहिली. मी ती कमी करायला सांगणार होते, पण ‘कान’ आठवले आणि गप्प बसले. त्या पुस्तकाच्या आम्ही तीनशे प्रती काढल्या, मग पुन्हा तीनशे, आणि अशाच छोट्या आवृत्त्या अजून निघतात. हल्ली या प्रकारच्या वाचकांना पानांच्या कडा रंगवलेली आवृत्ती हवी असते, म्हणून एक जांभळ्या कडांचीही केली.

नावांचा घोळ स्वतंत्रच आहे. आयरिश लेखनात निम्मी अक्षरे गप्प असतात आणि उरलेली वेगळेच बोलतात. मी माझ्यासाठी भिंतीवर देवनागरीत तक्ता लावला आहे : नीशे, ग्रॉन्या, डीर्मिड, साउइन (हा सण). पुस्तकाच्या सुरुवातीला उच्चारांचे पान द्यायची कल्पना त्या तक्त्यावरूनच आली. त्याच्या शेजारी ‘बुक ऑफ लेन्स्टर’मधल्या लेखनिकाची टीप आहे. एका लांबलचक आख्यानाची नक्कल संपवून तो लॅटिनमध्ये लिहितो की, यातल्या काही गोष्टी सैतानाची फसवणूक आहेत, काही कवींच्या कल्पना, आणि काही मूर्खांच्या करमणुकीसाठी आहेत. तरी त्याने शेवटच्या शब्दापर्यंत नक्कल केली, म्हणून तो मला आमच्या धंद्यातला माणूस वाटतो.

सध्या टेबलावर ग्रॉन्या आणि डीर्मिड यांची कादंबरी आहे. ग्रॉन्याचे लग्न योद्ध्यांचा म्होरक्या फिन याच्याशी ठरलेले असते, पण ती त्याच्याच माणसाबरोबर, डीर्मिडबरोबर, पळून जाते. खिडकीतून दिसणाऱ्या बेनबुलबिन डोंगरावरच डीर्मिड रानडुकराच्या हल्ल्यात मरतो आणि फिनच्या ओंजळीतून त्याला वाचवणारे पाणी दोनदा गळते. त्याआधी, दोघे पळून गेलेले असताना डीर्मिड फिनशी इमान राखून तिला स्पर्श करत नाही. एकदा ओढा ओलांडताना पाण्याचा शिंतोडा ग्रॉन्याच्या मांडीवर उडतो आणि ती म्हणते की, हे पाणी तुझ्यापेक्षा धीट आहे. हे वाक्य उथळ वाटते म्हणून आमच्या तरुण लेखकाने ते गाळले आहे. मी समासात देवनागरीत ‘कान’ एवढेच लिहून पाने परत पाठवली. काल त्याचा दूरध्वनी आला, हे कोणते चिन्ह आहे आणि ते अक्षरजुळणी करणाऱ्यासाठी आहे का, असे तो विचारत होता.